भाऊजींनी आणलेले कानातले

भाऊजींनी वहिनींना कानातले आणले ही बातमी गल्लीत पसरली, तेव्हा पुष्कळांना वाटलं सोन्याचे असतील. समोरच्या कापडवाल्याची बायको हातातलं काम टाकून बघायला आली. वहिनींनी केस मागे सारून दाखवलं. कानामागे भोपळ्याच्या बीएवढा राखाडी तुकडा, आणि त्यातून निघून कानात शिरणारी केसासारखी तार.

“एवढंच?” ती म्हणाली.

“एवढ्यात सगळं आहे,” भाऊजी म्हणाले. “फोनवर चालतं. साधंसुधं यंत्र नाही हे.”

तिने भाऊजींकडे कौतुकाने पाहिलं, मग वहिनींच्या कानाला तोंड लावून ओरडली, “असा दीर मिळायला नशीब लागतं हो.” वहिनी दचकून भिंतीला टेकल्या. आता ओरडायची गरज उरली नव्हती, हे लोकांच्या घशाला कळायला वेळ लागणार होता.

त्या सगळ्या गल्लीच्या वहिनी होत्या, कारण दीर दिवसभर दुकानातून त्याच नावाने हाका मारायचा. नवरा गेला तेव्हा हा दीर शाळेत होता. काचेचं दुकान बंद ठेवून चालणार नव्हतं, म्हणून वहिनींनी नवऱ्याचा हिरा उचलला. हिरा म्हणजे काच कापायचं हत्यार: पेनासारखा दांडा आणि टोकाला टाचणीच्या डोक्याहून बारीक खडा. मागच्या खोलीत कमरेएवढ्या उंचीचं लांबरुंद टेबल होतं, त्यावर लोकरीचं जाड कापड ताणून बसवलेलं. त्या टेबलापाशी उभं राहून त्यांनी दिराचं शिक्षण केलं, लग्न केलं, त्याच्या बायकोची बाळंतपणं निभावली. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं.

कोपऱ्यातल्या कडा घासायच्या यंत्राने हळूहळू त्यांचे कान खाल्ले. आधी किल्ल्यांचा आवाज गेला, मग लहान मुलांचा, मग बायकांचा. पुरुषांचे आवाज शेवटी गेले, आणि त्यांतही सगळ्यात शेवटी दिराचा. पण वहिनींना खरी आठवण यायची ती हिऱ्याच्या आवाजाची. हिरा नीट लागला की काच बोलते, रेशमी कापड फाडावं तशी, चर्र. चुकीचा लागला की नुसती करकरते. तो आवाज गेल्यावर त्या बोटांनी ऐकायला लागल्या. काच त्यांच्या हातून चुकली नाही, पण काम करताना कोणीतरी सोबत होतं, ते गेलं.

पुढची खोली भाऊजींची. गिऱ्हाईक, माप, टेम्पो, बसवणं, सगळं त्यांच्याकडे. माप ते चौकटीचं आणायचे. काच मात्र चौकटीहून सूतभर लहान कापावी लागते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लाकूड फुगतं, लोखंड तापतं, आणि काचेला हलायला जागा नसली की ती एखाद्या दुपारी आपली आपण तडकते. ही वजाबाकी वहिनी करायच्या, न बोलता, पट्टी ठेवता ठेवता. भाऊजींनी ती कधीकाळी ऐकली असेल, पण इतकी वर्षं करावी न लागल्याने ती त्यांच्या डोक्यातून निघून गेली होती. काच बसली की ते चौकटीवर थाप मारून म्हणायचे, “माझं माप म्हणजे माप.”

कान तपासणारी मुलगी चटपटीत होती. वहिनींचा फोन बटणांचा, म्हणून यंत्र भाऊजींच्या फोनला जोडलं. आवाज कमीजास्त करायचा तो तिथून. शिवाय एक सोय होती. फोन टीव्हीसमोर किंवा बोलणाऱ्या माणसासमोर ठेवला की तो जे ऐकेल ते थेट वहिनींच्या कानात. भाऊजींनी पहिल्या संध्याकाळी ती सोय चालू करून फोन टीव्हीसमोर ठेवला, बातम्या दाखवल्या, सगळ्यांसमोर शाबासकी घेतली, आणि फोन उचलून खिशात टाकला. सोय बंद करायची असते हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पहिले दिवस नळाचे होते. नळ एवढा बोलतो हे वहिनी विसरल्या होत्या. स्वतःच्या चपला, कागद, घास चावण्याचा आवाज, सगळं एकदम अंगावर आलं. दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीचं दार लावून त्यांनी काच टेबलावर घेतली, हिरा ओढला आणि थांबल्या. आवाज आलाच नाही. खोलीतला पंखा ऐकू येत होता, रस्त्यावरचं भांडण ऐकू येत होतं, फक्त हिरा मुका होता.

“तो आवाज यंत्राला गोंगाट वाटतो, काकू,” कान तपासणारी मुलगी म्हणाली. “नको असलेले आवाज ते स्वतःच गाळतं.”

“नको असलेले, हे कोणी ठरवलं?”

“कंपनीने.”

“कंपनीने कधी काच कापलीय का?”

मुलगी हसली आणि आपल्या पडद्यावर काहीतरी सैल केलं. त्या संध्याकाळी चर्र परत आला. वहिनींनी गरज नसताना तीन काचा कापल्या. भाऊजींनी दिलेलं हे सुख खरं होतं. पुढे जे झालं त्यानेही ते खोटं ठरलं नाही, आणि त्याचाच वहिनींना जास्त राग आला.

जेवणाची वेळ होती. वहिनी मागे कडा पुसत होत्या, दार लावलेलं होतं, दीर आणि जाऊ पलीकडच्या खोलीत. एकाएकी दिराचा आवाज वहिनींच्या डोक्याच्या मधोमध उमटला.

“भिंत जेवली का?”

“वाढून ठेवलंय,” जावेचा आवाज. “भिंतीला हाक मारून थोडंच कळतं. जाऊन ढोसायला लागतं.”

वहिनींनी आधी खरोखरच भिंतीकडे पाहिलं. मग दार उघडलं, जाऊ आत आली, त्यांच्या खांद्याला बोट टोचून हाताने घास घेतल्याची खूण केली आणि गोड हसली. “ताई, चला.”

ताई समोर, भिंत मागे. वहिनी जेवायला बसल्या. भाजी खारट होती, तसं त्यांनी म्हटलं. जावेने नवऱ्याकडे पाहिलं, भाऊजींनी फोन काढून त्यावर अंगठा फिरवला, आणि जग खाली बसलं. पंखा गेला, वाट्या गेल्या, स्वतःचा घास गेला. जावेचे ओठ हसताना हलत होते. पाण्यात बुडालेल्या माणसाने वर बघावं तसं वहिनींनी त्या दोघांकडे पाहिलं आणि जेवण पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी त्या एकट्या कान तपासणाऱ्या मुलीकडे गेल्या. मुलीने पडदा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“काकू, फोनवरनं ऐकायची सोय चालूच राहिलीय. तुमच्या दिरांच्या खिशातलं सगळं तुमच्या कानात येत असणार. ते कॉलवर असले की तेवढं तुटत असेल.”

“मधे दार बंद असलं तरी?”

“मधे एक भिंत चालते. दोन नाही. थांबा, त्यांना फोन करून बंद करायला सांगते.”

“नको. आधी हे सांग, आवाज मला माझा कमीजास्त नाही करता येत?”

“येतो की. कानामागे बटण आहे. पण तुम्ही चुकून दाबाल म्हणून त्यांनी ते बंद करून घेतलं.”

“ते चालू कर. आणि त्यांच्या फोनवरनं आवाजाला हात लावता येणार नाही असं कर.”

“करते. आणि ती दुसरी सोय?”

वहिनींनी थोडा विचार केला. “ती असू दे,” त्या म्हणाल्या. “घरात माणसं असल्यासारखं वाटतं.”

मुलीला ते फार गोड वाटलं.

त्यानंतर वहिनी दिराला खिशातून ऐकायला लागल्या. कापडाची घसपट, मधूनमधून त्यांचा श्वास, आणि मग बोलणं. भाऊजी कसे खोकतात, गिऱ्हाईक गेल्यावर त्याला काय म्हणतात, एकटे असले की कोणतं गाणं चुकीचं गुणगुणतात. ज्या मुलाचं नाक त्यांनी पुसलं होतं त्याच्या छातीवर कान ठेवून बसल्यासारखं होतं ते. ती छाती आतून कशी वाजते हे त्यांना नव्याने कळत होतं.

एकदा एक बाई अंडाकृती आरसा करून घ्यायला आली. “वहिनींकडूनच हवा,” ती म्हणाली. “आईचा त्यांनीच केला होता.”

“वहिनींचा हात कापतो हो हल्ली,” भाऊजी आवाज पाडून म्हणाले. “कान गेले, आता हातही. त्यांना वाईट वाटतं, म्हणून आम्ही बोलत नाही. मी बाहेरून करून आणतो.”

मागच्या खोलीत वहिनींनी आपला हात पुढे धरून पाहिला. तो टेबलासारखा स्थिर होता. लोक मागे यायचे बंद झाले ते आपण बहिऱ्या म्हणून, बहिऱ्याशी बोलायचा कंटाळा येतो म्हणून, असं त्या इतके दिवस धरून चालल्या होत्या. आपल्याच मनाला समजावलंही होतं. आता कळलं की एकेका गिऱ्हाइकाला दारातच असं वळवलं जात होतं, तेही दयेच्या आवाजात. शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी कदाचित सोडून दिलं असतं. पण ती दया त्यांच्या मनात रुतली, आणि तिथे ती कडक होत गेली.

मग शोरूमवाला आला. मोठ्या रस्त्यावर त्याची दुकानं होती आणि आणखी एक उघडत होता. भाऊजींनी त्याला पुढच्या खोलीत बसवलं. फोन शर्टाच्या खिशात, म्हणजे वहिनींच्या कानात.

“तुमची मागची खोली चांगली आहे,” शोरूमवाला म्हणाला. “कापायचं यंत्र बसेल. माप टाकलं की आपलं आपण कापतं. पण ते टेबल काढावं लागेल.”

“फोडूनच काढायचं. जुनं धूड आहे.”

“आणि तुमच्या वहिनी?”

“त्यांची सोय करू. जिन्याखाली जागा आहे. वय झालं, हात कापतो. बसतील निवांत.”

“काही म्हणणार नाहीत?”

“कळलं तर म्हणतील ना.”

दोघं हसले. शोरूमवाल्याचं हसणं लांबून आलं, भाऊजींचं हाडांतून.

“मग असं करू,” शोरूमवाला म्हणाला. “माझ्या नव्या दुकानाच्या काचा आधी तुम्ही बसवून द्या. कडक काच, वरपासून खालपर्यंत. उद्घाटनाला माझे सगळे लोक येतील. ते काम चोख झालं तर हे दुकान माझ्या नावाच्या पाटीखाली, आणि तुम्ही त्याचे प्रमुख.”

“झालंच समजा. टेबल मी आत्ताच—”

इथे वहिनींच्या कानात एक बाई अतिशय सभ्यपणे म्हणाली, “बॅटरी संपत आली आहे,” आणि सगळं बंद पडलं. खिशातून ऐकायला बॅटरी दुप्पट लागते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. टेबल कधी फोडणार ते कळलंच नाही. त्या शांततेत त्या टेबलाच्या कडेवर तळवे टेकून उभ्या राहिल्या. हे टेबल गेलं तर आपल्याकडे वहिनी हे नाव उरेल, आणि जिन्याखालचा अंधार. एखादी दुसरी बाई रडली असती किंवा दिरासमोर जाऊन उभी राहिली असती. वहिनींनी यंत्र चार्जिंगला लावलं आणि हिऱ्याचं टोक रॉकेलमध्ये बुडवून स्वच्छ केलं.

आठवड्याभरात भाऊजी नव्या दुकानाचं माप घेऊन आले. टेप नव्हता. फोन चौकटीसमोर धरला की पडद्यावर रेघा उमटतात आणि आकडे येतात, हे नवं खूळ त्यांना सापडलं होतं. त्यांनी पडदा वहिनींच्या नाकासमोर धरला. यंत्र कानात असूनही ते अजून ओरडूनच बोलायचे, खुणाही करायचे.

“बघा. हे आकडे. मोठ्या काचा. कापून कडा घासा, मग भट्टीत पाठवू.”

वहिनी नेहमी एकच प्रश्न विचारायच्या: चौकटीचं का काचेचं. या वेळी त्यांनी वेगळाच विचारला.

“असंच कापू?”

“जसंच्या तसं. फोनने मोजलंय ते. तुम्ही डोकं चालवू नका.”

“जसंच्या तसं,” वहिनी म्हणाल्या.

फोन खोटं बोलला नव्हता. त्याने चौकट बरोबर मोजली होती. चौकटीत काच बसवायची आहे हे त्याला कोणी विचारलं नव्हतं आणि त्यानेही सांगितलं नव्हतं. साधी काच असती तर जागेवर कड घासून वेळ मारून नेता आली असती. पण कडक काच भट्टीतून आली की झालं. मग तिला हिरा लागत नाही, घासता येत नाही. लागलाच तर तिचा भुगा होतो.

कापताना एक गोष्ट वहिनींनी धरली नव्हती. त्यांचा हात ऐकेना. पट्टी पुऱ्या मापावर ठेवली की हात आपोआप सूतभर आत सरकायचा. इतक्या वर्षांत त्याने पुरं माप कधी कापलंच नव्हतं. त्यांनी तो बाहेर ओढला, तो पुन्हा आत आला. स्वतःच्या हाताशी अशी झटापट करून त्यांनी पहिली काच कापली, आणि हिरा तसाच गोड बोलला, चर्र. चांगल्या कामाला आणि वाईट कामाला तो एकच आवाज काढतो हे ऐकून त्यांना क्षणभर बरं वाटलं नाही. मग त्यांनी ‘हात कापतो हो हल्ली’ हे वाक्य दिराच्या आवाजात आठवलं, आणि उरलेल्या काचा एका दमात कापल्या.

काचा भट्टीत गेल्या. ते दिवस वहिनी नीट जेवल्या. मागून घेऊन जेवल्या. पलीकडच्या खोलीत जाऊ म्हणाली, “भिंत फुगायला लागली.” भाऊजी म्हणाले, “खाऊ दे, थोडे दिवस.” वहिनींनी आणखी एक वाढ मागितली.

काचा बसवायच्या दिवशी त्या टेम्पोत जाऊन बसल्या.

“तुम्ही कशाला?” भाऊजी म्हणाले.

“बघते. एवढं मोठं काम मी कधी उभं राहिलेलं पाहिलं नाही.”

काचा बसवणाऱ्याला सगळे पेचकस म्हणायचे. अंगाने बारीक, डोकं चपटं, आणि हातात घेतलेली गोष्ट पिळल्याशिवाय चैन नाही. त्याने आणि गड्यांनी पहिली काच चिकटणाऱ्या रबरी मुठींनी उचलून चौकटीला लावली. खाली बसली. वर बसेना.

“नाही जात, धाकटे शेठ.”

“जाईल. ढकल.”

“ढकलायला ही काय बंद पडलेली बस आहे? काच आहे.”

“माप मी घेतलंय. माझं माप म्हणजे माप. चौकटीला रंगाचा थर असेल. ठोक जरा.”

शोरूमवाला हाताची घडी घालून उभा होता. त्याच्यासमोर पेचकसला वाद घालायचा नव्हता. त्याने रबरी हातोडा घेतला, एका कोपऱ्यावर हलकेच मारला, मग जरा जोरात.

वहिनी या आवाजासाठी आल्या होत्या. कितीतरी दिवस त्यांनी तो मनात वाजवून पाहिला होता. पण एवढा मोठा आवाज कानाला इजा करील म्हणून यंत्राने तो गिळून टाकला. वहिनींना दिसलं ते एवढंच की माणसाएवढी काच उभ्या जागी पांढरी झाली आणि मग ती काच राहिली नाही. दाणे शोरूमवाल्याच्या बुटांपर्यंत सांडले. सगळं निःशब्द.

मग पेचकस खाली बसलेला दिसला. भुवईतून रक्त येत होतं. हेही वहिनींनी धरलं नव्हतं. त्या त्याच्याजवळ गेल्या, पदर ओला करून जखम पुसली, एक दाणा चिमटीने काढला.

“वहिनी,” तो म्हणाला, “तुमची काच कधी अडत नाही हो. काय झालं?”

अशा वेळी बहिरं असणं सोयीचं असतं. वहिनी रक्त पुसत राहिल्या.

गड्यांनी दुसरी काच नुसती धरून पाहिली. तिसरी धरली. एकही चौकटीत जाईना. भाऊजी शोरूमवाल्याला हाताला धरून खांबामागे घेऊन गेले. फोन खिशात होता.

“काय तोंड दाखवू तुम्हाला,” त्यांचा आवाज वहिनींच्या डोक्यात आला, त्याच पाडलेल्या, दयेच्या स्वरात. “मी म्हटलं नव्हतं? वहिनींचा हात कापतो. घरची माणसं आहेत, तोडता येत नाही. यंत्र आलं की हा त्रासच—”

वहिनी उठल्या. पदराला रक्त लागलेलं होतं. त्या खांबापर्यंत गेल्या नाहीत. तिथूनच, सगळे ऐकतील एवढ्या आवाजात म्हणाल्या, “हात कापतोच, भाऊजी. त्याचं कामच आहे ते. तुम्ही जेवढं सांगता तेवढंच कापतो.”

भाऊजींनी खांबाआडून डोकं बाहेर काढलं.

“जसंच्या तसं म्हणालात. तसंच्या तसं कापलं. मोजून घ्या. आणि टेबल फोडायला माणूस ठरवला असेल तर त्याला नको म्हणून सांगा. जिन्याखाली मला राहायचं नाही.”

शोरूमवाला खांबामागून बाहेर आला. गड्याकडून टेप घेऊन त्याने एक काच मोजली, चौकट मोजली, मग भाऊजींनी आपल्या फोनवर पाठवलेले आकडे पाहिले. तिन्ही एकच होते. तो रागावला नाही. राग त्याला वेळ वाया घालवण्यासारखा वाटत असावा.

“उद्घाटन पुढे ढकलतो,” तो म्हणाला. “काचा मी दुसरीकडून घेईन. हे सगळं तुम्ही उचलून न्या.” आणि जाता जाता, “ते पाटीचं बोलणं झालं होतं, ते झालं नाही असं समजा.”

परतताना टेम्पोत भाऊजी वहिनींसमोर बसले. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि मेलेला पक्षी बघावा तसा उलटसुलट करून पाहिला.

“हे कधीपासून चालू आहे?”

“टीव्हीसमोर ठेवलात तेव्हापासून.”

“म्हणजे दुकानातलं?”

“दुकानातलं.”

“घरातलं?”

“मधे एक भिंत चालते,” वहिनी म्हणाल्या.

भिंत हा शब्द त्यांनी सावकाश उच्चारला. भाऊजींच्या मानेवर घाम आला. त्यांचा अंगठा पडद्यावर फिरला आणि वहिनींच्या कानातला खिसा मिटला. कापडाची घसपट गेली, छाती गेली. उरला तो बाहेरचा भाऊजी, टेम्पोच्या पत्र्याला धरून बसलेला पोक्त माणूस.

“वहिनी, तुम्ही मला वाढवलंत,” तो म्हणाला.

“हो.”

“मग तोंडावर विचारायचं होतंत. मी काय परका आहे?”

“तोंडावर तुम्ही खुणा करता, भाऊजी. बोलता ते पाठीमागे.”

भाऊजींनी फोन परत खिशात टाकला.

“किती ऐकलंत?”

“आठवेल तसं सांगेन. एकदम सांगितलं तर संपून जाईल.” आणि मग, भाजी आणायला सांगावी तशा आवाजात, “उद्यापासून जो येईल त्याला मागे पाठवायचं. ती अंडाकृती आरशाची बाई आहे, तिच्या घरी तुम्ही स्वतः जायचं आणि सांगायचं की वहिनींचा हात बरा आहे. काय बरं नव्हतं असं तिने विचारलं, तर तेही तुम्हीच सांगायचं.”

भाऊजींनी मान हलवली. ती होकाराची आहे ना, एवढंच वहिनींनी पाहिलं. पेचकसच्या भुवईचं त्यांना वाईट वाटत होतं. बाकी कशाचंही नाही. तसं वाटतं का म्हणून त्यांनी मनात चाचपून पाहिलं, पण तिथे स्वच्छ, रिकामी, ऐसपैस जागा होती.

संध्याकाळी मागच्या खोलीत दिवा लावून वहिनी टेबलावरचं कापड झटकत होत्या. जाऊ चहा घेऊन आली. आज तिने खांद्याला बोट टोचलं नाही. दारात उभी राहून साध्या आवाजात हाक मारली.

“ताई.”

“ये.”

तिने चहा टेबलाच्या कडेवर ठेवला. तिचा चेहरा उतरला होता, पण डोळ्यांत दुसरंही काहीतरी होतं, दिवसभर दाबून ठेवलेलं. पुढच्या खोलीत भाऊजी खोकले. तो खोकला आता नुसता भिंतीतून आला.

“ताई, ते भिंत वगैरे... मी आपली त्यांच्या बोलण्यात बोलायचे. मनात तसं काही नव्हतं.”

वहिनींनी चहाचा घोट घेतला. पाण्याखालून पाहिलेले तिचे हसणारे ओठ त्यांना दिसले.

जावेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “ते म्हणाले, तुम्ही सगळं ऐकलंय. दुकानातलंसुद्धा. मी नसते तेव्हाचं.” ती अडखळली. “त्यांचे मित्र येतात दुपारचे. त्यांच्यासमोर हे माझ्याबद्दल काय म्हणतात? म्हणजे, काही म्हणतात का?”

भाऊजी दुपारी मित्रांसमोर आपल्या बायकोबद्दल बोलायचे. तिच्या अंगाबद्दल, तिच्या आईबद्दल, आणि लग्न कोणाशी व्हायला हवं होतं त्याबद्दल. वहिनींना शब्दन्‌शब्द आठवत होता, कुठे सगळे हसले तेही. काहीच म्हणत नाहीत, असं म्हणता आलं असतं. एवढी एकच गोष्ट सांगितली असती तर हे घर उद्या सकाळी बऱ्यापैकी उभं राहिलं असतं.

त्यांनी कप बाजूला ठेवला, कानामागचं बटण दाबून आवाज थोडा वाढवला आणि स्टूल जावेकडे सरकवलं.

“बस,” त्या म्हणाल्या. “कुठून सुरू करू?”

जावेने मागे वळून दाराला कडी घातली.